गुगल फोटोज, लाइटरूम आणि दोन हार्ड डिस्क: गोव्यातल्या घराला आणि स्टुडिओला काय पेलतं

चवथीला माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) बांधून झाली की घरातले चार फोन मिळून दीड दिवसात तीन-चारशे फोटो काढतात. त्यात मुंबईहून आलेल्या भाच्याचा आयफोन असतो, काकांचा जुना अँड्रॉइड असतो, एखादा कॅमेरा असतो, आणि व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर फिरून आलेल्या बारीक प्रतीही असतात. पुढे नरकासुराची रात्र, लग्नं, शिगमो, जत्रा. प्रत्येकी ४ एमबीचे आठ हजार फोटो म्हणजे ३२ जीबी. आयफोनचा ४के, सेकंदाला ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला सुमारे १७० एमबी खातो, म्हणजे चार तासांचे ४० जीबी. एका घराचा वर्षाचा हिशेब असा सत्तर-ऐंशी जीबीवर जातो. फोंड्यातला किंवा म्हापशातला छोटा स्टुडिओ एवढं दोन दिवसांत भरतो.

या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून इथे तीन गोष्टी तपासल्या आहेत: गुगल फोटोज, फोटो संपादनाचं लाइटरूम क्लासिक (आणि पैसे न देता वापरायचं डार्कटेबल), आणि यूएसबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क. आधी निकाल सांगतो. गुगल फोटोज शोधायला आणि दाखवायला उत्तम आहे, पण मूळ फोटोचा एकमेव मुक्काम म्हणून अपुरं आहे. मूळ फाइल साध्या फोल्डरमध्ये, स्वतःच्या डिस्कवर हवी. संपादनही तिथेच व्हावं. क्लाउडकडे त्याची एक प्रत जावी, मालकी जाऊ नये.

गुगल फोटोज

चेहरा, गाव, तारीख, फोटोतला इंग्रजी मजकूर यांपैकी काहीही टाकलं तरी हवा तो फोटो काही सेकंदांत समोर येतो. वीस वर्षांच्या ढिगातून आजीचे सगळे फोटो एकत्र काढायला याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी फोटो राहतात. समुद्राकाठच्या राज्यात हा गुण लहान नाही.

फुकट जागा १५ जीबी, आणि ती जीमेल व गुगल ड्राइव्हसकट. १ जून २०२१ च्या आधी ‘हाय क्वालिटी’त चढवलेले फोटो या हिशेबात धरले जात नाहीत. त्यानंतरचं सगळं धरलं जातं. गुगल वनचा मूळ दर १०० जीबीला महिना १३० रुपये आणि २ टीबीला ६५० रुपये. घराला सुरुवातीला १०० जीबी पुरतं, पण फक्त ‘स्टोरेज सेव्हर’ निवडला तर.

हा ‘स्टोरेज सेव्हर’ नेमकं काय करतो ते समजून घ्या, कारण बहुतेक फोनवर तोच निवडलेला आढळतो. १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो तो १६ मेगापिक्सेलवर आणतो, आणि १०८०पीपेक्षा मोठा व्हिडिओ १०८०पीवर. त्याहून लहान फोटोचे पिक्सेल कमी होत नाहीत, पण फाइल पुन्हा दाबली जाते. ४६०८ गुणिले ३४५६ पिक्सेलचा फोटो ए३ आकारात छापला तर इंचाला २८०च्या आसपास ठिपके मिळतात. म्हणजे भिंतीवर लावायच्या फ्रेमला काही कमी पडत नाही. फरक दिसतो तो संपादनात. माटोळीचा फोटो घ्या. वर निरफणस, तोरिंग, आंबाडे, सुपारीचे घोस, मधे तांबडं कवंडळ, आणि मागे काळोखी माजघर. मूळ फाइलमध्ये सावली उजळली की सुपारीच्या घोसातला एकेक दाणा सुटा होतो. दाबलेल्या फाइलमध्ये तीच सावली उजळली की चौकोनी डाग वर येतात, आणि कवंडळाच्या गोल कडेवरचा तांबडा पट्ट्यापट्ट्यांनी तुटतो. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून ही गोष्ट वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

मूळ फाइल डिस्कवर असेल तर स्टोरेज सेव्हरला आमची हरकत नाही. पाहायला, पाठवायला, शोधायला तो पुरेसा आहे. डिस्कवर काहीच ठेवणार नसाल तर मात्र ‘मूळ गुणवत्ता’च घ्या आणि पैसे मोजा.

आता खरा धोका. अॅपमध्ये ‘जागा मोकळी करा’ नावाचं बटण आहे. ते बॅकअप झालेल्या फोटोंच्या फोनमधल्या प्रती पुसतं. फोन भरला की माणूस तेच दाबतो. स्टोरेज सेव्हर चालू असताना ते दाबलं की फोनमधली मूळ फाइल गेली आणि क्लाउडमध्ये दाबलेली उरली. मूळ परत मिळवायची वाटच नाही. म्हणून क्रम पाळा: आधी फोन केबलने संगणकाला जोडून डीसीआयएम फोल्डर डिस्कवर उतरवा, प्रत तपासा, आणि मगच ते बटण.

दुसरा घोटाळा डिलीटचा. बॅकअप झालेला फोटो अॅपमधून साध्या कचरापेटीच्या खुणेने पुसला तर तो फोनमधूनही जातो आणि क्लाउडमधूनही. फक्त फोनमधून काढायचा असेल तर फोटो उघडून तीन टिंबांच्या मेनूतला ‘डिव्हाइसवरून डिलीट करा’ हाच पर्याय. चूक झालीच, तर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि बॅकअप न झालेला ३० दिवस.

टेकआउट: बाहेर काढण्याचा त्रास

या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग हाच, म्हणून इथे सविस्तर लिहितो. पूर्वी काही साधनं गुगल फोटोजमधला सगळा साठा आपोआप संगणकावर उतरवून घेत. ३१ मार्च २०२५ पासून बाहेरच्या अॅपना आपोआप वाचता येतात ते फक्त त्यांनी स्वतः चढवलेले फोटो. आरक्लोनसारखं, संगणक आणि क्लाउड यांच्यात फाइल हलवणारं उत्तम साधनही इथे थांबतं. पूर्ण साठा काढायला उरतं ते गुगल टेकआउट, म्हणजे आपला साठा झिप करून उतरवायची गुगलचीच सोय.

टेकआउट उघडल्यावर आधी ‘सगळ्यांची निवड काढा’ दाबा आणि फक्त गुगल फोटोज निवडा. मग अल्बमच्या यादीत जाऊन ‘फोटोज फ्रॉम २०१९’, ‘फोटोज फ्रॉम २०२०’ असे वर्षांचे फोल्डर तेवढे ठेवा. तुमच्या साठ्यातला प्रत्येक फोटो त्याच्या वर्षाच्या फोल्डरमध्ये असतोच. अल्बमही घेतले तर तोच फोटो दोनदा-तीनदा उतरतो आणि जागा विनाकारण जाते. अपवाद एक: दुसऱ्याने शेअर केलेल्या अल्बममधले, तुम्ही स्वतःकडे सेव्ह न केलेले फोटो वर्षाच्या फोल्डरमध्ये नसतात. लग्नाच्या सामाईक अल्बमांत हे हमखास घडतं. म्हणून ते फोटो आधी सेव्ह करून घ्या.

झिपचा तुकडा ५० जीबीपर्यंत मोठा मागता येतो. पावसाळ्यात वीज जायची शक्यता धरून १० जीबीचा घ्या, म्हणजे डाउनलोड तुटलं तरी फार वाया जात नाही. दुवा साधारण आठवडाभर चालतो आणि एक तुकडा पाच वेळाच उतरवता येतो. टेकआउटचा निकाल गुगल ड्राइव्हमध्ये मागवू नका, कारण तो तुमच्याच जागेतून वजा होतो. सगळे तुकडे उतरले की सेव्हन-झिपने एकाच फोल्डरमध्ये उघडा. फोटो एका तुकड्यात आणि त्याची माहिती दुसऱ्या तुकड्यात, असं होतं. वेगवेगळे उघडले की जोड्या फुटतात.

ही माहिती म्हणजे प्रत्येक फोटोसोबत येणारी जेसॉन फाइल. गुगल फोटोजमध्ये तुम्ही दुरुस्त केलेली तारीख, हाताने टाकलेलं ठिकाण, लिहिलेला मथळा हे सगळं त्या जेसॉनमध्ये असतं, फोटोच्या आत जात नाही. आजोबांचे स्कॅन केलेले कृष्णधवल फोटो तुम्ही मेहनतीने १९७०च्या दशकात लावले असतील, तर डिस्कवर उतरल्यावर ते स्कॅनच्या तारखेला जाऊन बसतात. फोटोचं नाव लांब असेल तर जेसॉनचं नाव मधेच तोडलेलं सापडतं, आणि जोडी लावणारी साधी साधनं तिथेच अडतात. अॅपमध्ये संपादित केलेल्या फोटोची मूळ आणि ‘एडिटेड’ अशी दोन्ही रूपं येतात. दोन्ही ठेवा.

जेसॉनमधली तारीख फोटोत परत घालायला एक्झिफटूल हे फुकट साधन आहे. इथे एक चूक सगळेच करतात. जेसॉनमधली वेळ जागतिक वेळेत असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. नरकासुराचे फोटो पहाटे दोनचे. जेसॉनची वेळ तशीच घातली की ते आदल्या रात्री साडेआठला जातात आणि एकाच रात्रीचे फोटो दोन दिवसांत विभागले जातात. म्हणून साडेपाच तास मिळवा, आणि ज्या फाइलमध्ये काढल्याची तारीखच नाही फक्त तिच्यातच ही वेळ लिहा, अशी अट आज्ञेत घाला. कॅमेऱ्याने स्वतः लिहिलेली वेळ बरोबर असते, तिला हात लावू नका. सगळं आधी पन्नास फोटोंच्या वेगळ्या प्रतीवर करून बघा.

टेकआउटमध्ये दर दोन महिन्यांनी, वर्षभर, आपोआप निर्यात लावायची सोय आहे. पण ती दर वेळी पूर्ण साठा देते, फक्त नवे फोटो नाही. ५० जीबीच्या घराला चालेल. स्टुडिओने त्या वाटेला जाऊ नये.

फोटोज वेगळं, ड्राइव्ह वेगळा

जुलै २०१९ मध्ये गुगलने या दोघांतली आपोआप जोडणी तोडली. तरी दोन्हींची जागा एकच असते, म्हणून माणसं गोंधळतात. फरक सोपा आहे. ड्राइव्हमध्ये टाकलेली फाइल जशीच्या तशी राहते: नाव, फोल्डर, प्रत्येक बाइट. म्हणून मूळ फाइलची बाहेरगावची प्रत ड्राइव्हमध्ये ठेवा आणि फोटोज फक्त पाहण्यासाठी वापरा. डेस्कटॉपवरच्या ड्राइव्ह अॅपमध्ये एकाच फोल्डरला ‘ड्राइव्हशी सिंक’ आणि ‘फोटोजमध्ये बॅकअप’ या दोन्ही खुणा लावू नका. तसं केलं तर फाइल दोनदा चढते आणि जागाही दोनदा जाते.

आणखी एक शब्द नीट धरा: सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. ड्राइव्हच्या कचरापेटीत ते ३० दिवस असतं, पुढे नाही. आयक्लाउड फोटोजचंही तेच: एका उपकरणावर पुसलेला फोटो सगळीकडून जातो आणि ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये साधारण ३० दिवस राहतो. स्टुडिओने ड्राइव्हचं अॅप सोडून आरक्लोन वापरावं. त्यातली ‘कॉपी’ आज्ञा नवीन फाइल चढवते, पण समोरचं काही पुसत नाही. ‘सिंक’ आज्ञा पुसते. ‘चेक’ आज्ञा दोन्हीकडच्या फाइलचे हॅश (मजकुरावरून निघणारे ओळखीचे आकडे) ताडून पाहते. ड्राइव्हमध्ये दिवसाला ७५० जीबीच चढवता येतात, पण आपल्याकडच्या लाइनला ती मर्यादा क्वचितच आडवी येते.

कारण अपलोडचा वेग. पॅकेजच्या जाहिरातीत मोठा लिहिलेला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो. अपलोड वेगळा मोजून घ्या. २० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर १ टीबी चढायला सुमारे १११ तास लागतात, म्हणजे साडेचार दिवस अखंड. शिगम्याच्या मिरवणुकीत एका रात्री १५०० रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) फ्रेम निघतात. २८ एमबीची एक धरली तर ४२ जीबी, म्हणजे पावणेपाच तास. रात्री लावून झोपलं की सकाळी काम झालेलं असतं, मधे वीज गेली नाही तर. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो घेतला की निम्मा वैताग संपतो.

आयफोन असेल तर

थोडक्यात. २०१७ पासून आयफोन एचईआयसी स्वरूपात फोटो ठेवतो. विंडोजला केबलने उतरवताना फोनच्या फोटो सेटिंगमध्ये ‘मॅक किंवा पीसीला पाठवताना’ याखाली ‘मूळ ठेवा’ निवडा. ‘आपोआप’ ठेवलं तर फोन जाता जाता जेपीईजी बनवत बसतो आणि हजार फोटोंच्या उतारणीत मधेच जोडणी तुटते. ‘स्टोरेज ऑप्टिमाइझ करा’ चालू असेल तर फोनमध्ये मूळ फाइल नसतेच, लहान प्रत असते. अशा वेळी केबल काही उपयोगाची नाही. मॅकवर फोटोज अॅपमध्ये ‘मूळ या मॅकवर उतरवा’ चालू करा, आणि डिस्कवर काढताना ‘न बदललेलं मूळ निर्यात करा’ निवडून एक्सएमपीची (फोटोची माहिती ठेवणाऱ्या छोट्या फाइलची) खूणही लावा. मथळे आणि ठिकाणं त्या एक्सएमपीत येतात.

संपादन: कॅटलॉग कुठे, फोटो कुठे

लाइटरूम क्लासिक आणि नुसतं लाइटरूम या ऑक्टोबर २०१७ पासून दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसतं लाइटरूम मूळ फाइल अॅडोबीच्या क्लाउडमध्ये नेतं. क्लासिक ती तुमच्या डिस्कवरच ठेवतं. आपल्या अपलोडच्या वेगाला क्लासिकच बरं, आणि त्याचं एक खास कारण आहे. क्लासिकमधला संग्रह सिंक केला की मूळ रॉ वर जात नाही, ‘स्मार्ट प्रीव्ह्यू’ जातो. लांब बाजू २५६० पिक्सेलची दाबलेली डीएनजी (अॅडोबीचं रॉ स्वरूप), साधारण पाऊण ते एक एमबीची. शिगम्याच्या त्या ४२ जीबींऐवजी सव्वा जीबी वर जातं, २० एमबीपीएसवर आठ-नऊ मिनिटांत. हे प्रीव्ह्यू क्लाउडच्या जागेत मोजलेही जात नाहीत. टॅबलेटवर बसून निवड करा, रंग लावा. घरी डिस्क जोडली की तेच बदल मूळ रॉवर लागलेले दिसतात. पूर्ण समीक्षेत आम्हाला सर्वांत आवडलेली सोय हीच.

बसवायचं असं. कॅटलॉग (फोटोंची यादी आणि बदलांची नोंद ठेवणारी लाइटरूमची फाइल) लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर, फोटो बाहेरच्या डिस्कवर. कॅटलॉग नेटवर्कच्या ड्राइव्हवर चालतच नाही. वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हच्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येही ठेवू नका. लाइटरूम लिहीत असताना सिंकवालं अॅप तीच फाइल उचलायला जातं आणि कॅटलॉग बिघडतो. कॅटलॉगचा बॅकअप लाइटरूम मूळ कॅटलॉगच्या शेजारीच ठेवतं, म्हणजे एसएसडी गेली की दोन्ही गेले. बॅकअपच्या खिडकीत जागा बदलून ती बाहेरच्या डिस्कवर द्या.

विंडोजवर डिस्कचं अक्षर बदलतं. काल ‘ई’ होती, आज पेनड्राइव्ह आधी लावला म्हणून ‘एफ’ झाली, आणि सगळ्या फोल्डरांवर प्रश्नचिन्हं. घाबरून पुन्हा इंपोर्ट करू नका, नाहीतर सगळं दुप्पट होईल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला शेवटाकडचं एखादं अक्षर कायमचं द्या. तोवर काम अडलं असेल तर सर्वांत वरच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून ‘हरवलेला फोल्डर शोधा’.

कॅटलॉग सेटिंगमध्ये ‘बदल आपोआप एक्सएमपीत लिहा’ चालू करा. मग रंगाचे बदल, तारे, शब्दखुणा रॉच्या शेजारच्या काही केबीच्या एक्सएमपी फाइलमध्येही राहतात आणि कॅटलॉग गेला तरी काम वाचतं. व्हर्च्युअल कॉपी आणि संग्रह मात्र त्यात जात नाहीत. आणि एक बारकावा: कंपनीच्या स्वतःच्या रॉ फाइलसाठी वेगळी एक्सएमपी बनते, पण डीएनजी आणि जेपीईजीमध्ये बदल फाइलच्या पोटातच लिहिला जातो. तुम्ही डीएनजीला एक तारा दिलात की फाइल बदलली, आणि आरक्लोन पूर्ण ३० एमबी पुन्हा चढवतो. हजार डीएनजींना तारे दिले की ३० जीबीचं अपलोड. म्हणून क्लाउडला प्रत पाठवणाऱ्याने रॉची डीएनजी न करणं शहाणपणाचं.

सदस्यत्व संपलं तर क्लासिक उघडतं, फोटो दिसतात, निर्यात होते. डेव्हलप आणि मॅप हे भाग तेवढे बंद होतात. हे वागणं आम्हाला प्रामाणिक वाटतं.

दर महिन्याचे पैसे नको असतील तर डार्कटेबल. शिकायला अवघड आहे, पहिले दोन आठवडे चाचपडण्यात जातात. पण शिरगावच्या लईराईच्या जत्रेत होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणाऱ्या धोंडांचा (व्रत धरलेल्या भक्तांचा) फोटो, जिथे अर्धी चौकट धगधगती आणि अर्धी काळी, तिथे उजेडाचा ताळमेळ लावायला त्याची साधनं लाइटरूमच्या बरोबरीला उभी राहतात. ते फाइलच्या पूर्ण नावामागे एक्सएमपी जोडतं, त्यामुळे लाइटरूमच्या एक्सएमपीवर लिहिलं जात नाही आणि दोघं एका फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. त्यातली ‘लोकल कॉपी’ची सोय बघाच: डिस्क जोडलेली असताना फोटो निवडून लोकल कॉपी करा, डिस्क घरी ठेवा, बसमध्ये काम करा, परत आल्यावर ‘रिसिंक’. नुसती छाननी आणि चेहऱ्यांना नावं देणं एवढंच हवं असेल तर डिजिकॅम पुरतं.

डिस्क आणि आपली हवा

पणजीला वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरमध्ये. या चार महिन्यांत कपाटातल्या लेन्सला बुरशी धरते आणि डिस्कच्या यूएसबी टोकावर खारी हवा हिरवट थर चढवते. डिस्क आतून बरी असते, पण जोडणी तुटत राहते आणि लिहिताना फाइल अर्धी पडते. आधी केबल बदलून बघा, डिस्कला दोष नंतर.

डिस्क हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की त्याने पाणी पुरेपूर पिलं. ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा निळं होतं. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, म्हणून स्वयंपाकाचा तवा वापरू नका, वेगळं भांडं घ्या. वातानुकूलित खोलीतून किंवा गाडीतून डिस्क बाहेरच्या दमट हवेत आणली की थंड धातूवर दव धरतं. तासभर तशीच राहू द्या, मग जोडा. माशेलच्या चिखलकाल्यावरून परतल्यावर कार्ड रीडरलाही हाच नियम.

एसएसडी वेगवान आणि धक्क्याला पक्की, पण वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवायला नाही. घरगुती एसएसडीचं जेडेक (चिप-उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था) मानक असं की लिहिण्याची ठरलेली क्षमता संपल्यावर, वीज न देता, ३० अंशांवर एक वर्ष माहिती टिकली पाहिजे. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ३० अंश ही थंडावा म्हणायची पातळी. नवी एसएसडी याहून बरीच जास्त टिकते, तरी कायमच्या साठ्याला फिरती हार्ड डिस्कच घ्या. २ टीबीच्या वरच्या बहुतेक पोर्टेबल डिस्क एसएमआर जातीच्या (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात. सलग भरायला ठीक, पण त्यावर मोठी खोडाखोड सुरू केली की वेग एकदम उतरतो. साठवायला त्या घ्या, कॅटलॉग चालवायला नको.

डिस्क फॉरमॅट करताना, घरात सगळं विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅक आणि विंडोज दोन्ही असतील तर एक्सफॅट घ्यावं लागतं, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. एक्सफॅटमध्ये जर्नल (अर्धवट लिखाण सावरणारी नोंद) नसतं: लिहिताना वीज गेली किंवा केबल ओढली तर फोल्डरची यादीच बिघडू शकते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, पण वेगळ्या अॅडाप्टरवर चालणाऱ्या साडेतीन इंची डिस्कला यूपीएस हवाच.

कार्ड उतरवायची पद्धत: कार्डवरून डिस्क एकवर, कार्डवरूनच डिस्क दोनवर, मग फ्रीफाइलसिंक या साधनात ‘फाइलच्या मजकुरानुसार’ ताडणी, आणि फरक शून्य आला की कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट. एकवरून दोनवर प्रत काढली तर पहिल्या उतारणीतली चूकही प्रतीत जाते. नुसता आकार आणि तारीख ताडून ही चूक पकडली जात नाही. फोल्डरचं नाव वर्ष-महिना-दिवस, मग प्रसंग आणि गाव: २०२५-०८-२७ चवथ माशेल. तारखेचे आकडे मात्र सगळीकडे एकाच लिपीत ठेवा. काही देवनागरी, काही रोमन असे झाले की यादी दोन ढिगांत पडते.

दुसरी डिस्क दुसऱ्या गावी, नातेवाइकांकडे. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम हाच: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. मे अखेर आणि दिवाळीनंतर डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दोन्ही डिस्क बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्य नसेल तर त्याच दिवशी माहिती दुसरीकडे हलवा.

घरचाच क्लाउड

इमिच हे गुगल फोटोजसारखं दिसणारं, स्वतःच्या संगणकावर चालणारं साधन. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची स्थिर २.० आवृत्ती आली. चेहरे ओळखतं, फोनमधून आपोआप बॅकअप घेतं, महिन्याचे पैसे नाहीत. पण ज्याला डॉकर (सर्व्हरची सॉफ्टवेअर चालवायचं साधन) येत असेल त्यानेच हात घालावा. डेटाबेस एसएसडीवर ठेवा, यूपीएस लावा. रोज रात्री दोनला ते डेटाबेसची प्रत स्वतः काढून साठ्याच्याच फोल्डरमध्ये ठेवतं, ती फोटोंसोबत बाहेर न्या. डेटाबेस गेला तर फोटो राहतात, अल्बम आणि नावं जातात. घराबाहेरून पोचायला बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांवर स्वतंत्र आयपी मिळत नाही, तिथे टेलस्केल (खाजगी जोडणी बांधणारं साधन) लावल्याने काम होतं.

ज्यांना हा व्याप नको त्यांच्यासाठी गुगल खात्यातली एक शेवटची जुळणी. दोन वर्षं खातं वापरलं नाही तर त्यातलं सगळं पुसलं जाऊ शकतं. घरातले सगळे फोटो एकट्या वडिलांच्या खात्यात असतील तर आजच ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ उघडा, मुदत ३ ते १८ महिन्यांतली निवडा, आणि दहापर्यंत माणसांची नावं देता येतात त्यात निदान दोघांची द्या. मुदत संपली की त्यांना मेल जातो आणि फोटो उतरवून घ्यायला तीन महिने मिळतात. नाव दिलेल्या माणसाचा फोन नंबर बदलला की तिथेही बदला, कारण ओळख पटवायचा संदेश त्याच नंबरवर येतो.